पडदा फाटतोय

मी मुळातच संशयी माणूस. दूधवाला माप ओततो तेव्हा फेस बसेपर्यंत मी दारातून हलत नाही. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजचा तपासणी नाका. पण आमच्या धंद्यात हाच गुण पोटाला घालतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बसून मी बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी कर्नेलमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला, कोड दुरुस्त करतो.

माझ्याकडे चित्रांचा भाग. व्हिडिओची चिप मेमरीच्या एका तुकड्यात चित्र लिहिते आणि स्क्रीन त्याच तुकड्यातून ते उचलतो. तुकडा एक, धनी दोन, म्हणून भांडण. ताट वाढून व्हायच्या आत कुणी उचलून नेलं तर भाकरी ताटात आणि आमटी ओट्यावर, तसं होतं: अर्धं चित्र नवं, अर्धं जुनं. ह्याला रेस कंडिशन म्हणतात. आणि हा दोष महालबाड. पकडायला म्हणून कोडात जागोजागी नोंदी टाकाव्यात, तर नोंदी लिहिण्यात जरा उशीर होतो, तेवढ्यात चिपचं काम उरकतं आणि सगळं ठीक दिसतं. नोंदी काढल्या की हा पुन्हा हजर. चोर मलाच बघून लपतोय असं वाटायचं, आईशप्पथ.

बेंगळुरूच्या एका सहकाऱ्यावर माझा दाट संशय होता. चित्र झालं, हा निरोप त्याचा कोड पाठवायचा. विचारलं की म्हणायचा, तपासलंय. तपासलंय म्हणणाऱ्यावर तर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

भरवसा फक्त अप्पांवर, माझ्या वडिलांवर. त्यांनी भवानी पेठेत जन्मभर टॉवेल विकले. सुटलेला धागा त्यांना दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. मी चाचणीचा बोर्ड हॉलमधल्या स्क्रीनला जोडला होता आणि त्यांना कुस्त्यांचे व्हिडिओ लावून द्यायचो. स्क्रीनला ते पडदाच म्हणायचे. "पडदा फाटला बघ," असा आवाज आला की मी आतून धावत यायचो, आणि दर वेळी त्यांचं बरोबर निघायचं.

शेवटी चोर सापडला. सहकाऱ्याचा काही दोष नव्हता. आमचा कोड विचारायचा, झालं का? हो म्हटल्यावर तो चित्र उचलायला वळायचा, आणि तेवढ्यात चिप त्याच तुकड्यात पुढचं चित्र लिहायला घ्यायची. मी विचारणं आणि उचलणं एकाच कुलपाखाली आणलं, मध्ये कुणाला शिरायला जागाच ठेवली नाही. यंत्रावरच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ निघाल्या. मॅनेजर म्हणाला, पाठव की मग पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड.

मी आधी अप्पांना विचारलं. "अजून फाटतोय," ते म्हणाले. "डावीकडनं काळं येतंय. मधनंच चमकतंय बी."

झालं! माझं डोकंच फिरलं. यंत्र म्हणतंय ठीक, अप्पा म्हणतात फाटतोय. मी अर्थातच यंत्रावर संशय घेतला. पॅच अडवून धरला, केबल बदलली, स्क्रीन बदलला, सहकाऱ्याशी फोनवर कडाकडा भांडलो. रोज अप्पांना विचारायचं आणि रोज तेच, काळं आज जरा जास्तच हाय. बायको म्हणाली, त्यांचे डोळे तपासून घ्या की. मी अप्पांना विचारलं, तर म्हणाले, दाखवलं की. आमच्याकडे 'दाखवलं की' म्हणजे दाखवलं, किंवा मग दाखवीन, आता गप बस. जगाला उलटसुलट तपासणारा मी, हे मात्र मुकाट गिळलं.

एका सकाळी वैतागून मी स्क्रीन बंदच केला आणि केबल हातात धरून अप्पांसमोर उभा राहिलो. म्हटलं, आता सांगा, काळं येतं ते नेमकं कुठनं?

"हितनं," म्हणत त्यांनी डावीकडं हात केला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या खांद्यावर बी आलंय की."

त्यांना उजवा डोळा झाकायला लावला, तर डावीकडं धरलेला माझा हात त्यांना दिसेचना. पायात येईल ती चप्पल घालून आम्ही रिक्षा गाठली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. "पडदा फाटलाय," त्या म्हणाल्या. "फाटून सुटलाय. आजच ऑपरेशन." मधली नजर वाचली. डावीकडची गेली ती गेलीच. त्या बाजूनं जाताना आता आधी हाक मारावी लागते. माझ्या पॅचमध्ये काही चूक नव्हती, तो जसाच्या तसा घेतला गेला.

पण त्या सकाळी बाई अप्पांवर रागावल्या. एवढं दिसत होतं, तर घरात कुणाला सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं.

अप्पांनी कौतुकानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला रोज सांगतोय की. ह्यो दुरुस्त करतोय त्येच."