भुताला ‘उद्या ये’ सांगणारे भावोजी

गप्प बसलेले भावोजी पाहिलेला माणूस अख्ख्या म्हैसुरात शोधून सापडला नसता. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुक्या चित्रपटांच्या तंबूत पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभं राहायचं आणि चित्रात काय चाललंय ते लोकांना कानडीत ओरडून सांगायचं, हा त्यांचा धंदा. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं त्यांना निम्मीच कळत. उरलेली निम्मी ते पदरची घालत, आणि लोक त्यासाठीच येत. नायिका कुठल्याही देशाची असो, त्यांच्या तोंडी ती कमलम्मा होई. खलनायकाला मात्र त्या आठवड्यात ज्या नातेवाइकाशी बिनसलं असेल त्याचं नाव मिळे. नंजनगूडचे आमचे काका यापायी दोनदा फासावर गेले.

पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, म्हणून भावोजींच्या मिशा घोडदळाच्या. पण पाल दिसली की स्वारी पलंगावर चढे. घरीही तोंडाला खीळ नव्हती. “नोडी, नोडी, बघा हो, आता बाईसाहेब चुलीकडे वळल्या! तव्यावर दोसा आहे, पण मनात काय आहे?” “मनात उलथनं आहे,” अक्का म्हणे. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी “बिचाऱ्या वराला अजून काहीच ठाऊक नाही” असं सुरू केलं आणि भटजी मंगलाष्टकंच विसरले.

अशा माणसाची वाचा बसवली ती एका विलायती भुतानं. दसऱ्यानंतर ते चित्र तंबूत लागलं. मेणासारख्या चेहऱ्याचा एक सरदार दिवसा शवपेटीत निजे आणि अंधार पडला की माणसांचं रक्त पीत फिरे. पहिल्या संध्याकाळी भावोजी रंगात होते. मग ते भूत कमलम्माच्या दाराशी आलं. दाराच्या फळीवर त्याची बोटं टेकली, आत मुलगी निजलेली, आणि भावोजी गप्प झाले. यंत्राची खरखर तेवढी ऐकू येत होती. दार उघडलं, भूत आत गेलं, मुलगी पांढरी पडली, चित्र संपलं, तरी हा माणूस मुकाच. लोकांना वाटलं, ही त्यांची नवी कला! त्या शांततेला घाबरायला ते दुसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन आले, तिसऱ्या दिवशी कडकोळहून बैलगाड्या आल्या. तंबूचा मालक मात्र फसला नाही. “मुक्या चित्राला मुका माणूस कशाला, स्वामी?” तो म्हणाला. “उद्या बोललात तर राहा. नाहीतर मी बेंगळूरहून दुसरा आणतो.”

भावोजी का गप्प होतात, ते मला आणि अक्कालाच ठाऊक होतं. आमच्या भागात रोगराईचे दिवस आले की दारावर खडूनं कानडीत ‘नाळे बा’ लिहायची रीत आहे. म्हणजे ‘उद्या ये’. दारी आलेलं भूत ते वाचून परत फिरतं, दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा तेच वाचतं. प्लेगच्या साली अक्कानं ते लिहिलं होतं. भावोजींनी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. “शिपायाच्या घरावर भुताला चिठ्ठी? शोभत नाही,” म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांची पाच वर्षांची मुलगी सुंदी तापात गेली. अक्कानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही आणि तेच त्यांना जड गेलं. प्लेग अक्षरांनी थांबत नाही, हे मलाही कळतं. पण ते भावोजींना कोण पटवणार? त्यांची बडबड वाढली ती त्यानंतरच.

आजवर तंबूत पाऊल न टाकलेली अक्का मालकानं दम दिल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुगडं बदलून माझ्या दारात उभी. “चल ग, मला ते भूत बघायचंय.”

आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. भावोजींचा आवाज सुरुवातीपासूनच चढा होता, भ्यायलेल्या माणसाचा असतो तसा. मालक खांबाला टेकून उभा होता. भूत दाराशी आलं. बोटं फळीवर टेकली. भावोजींनी छडी उचलली आणि शब्द अडला. “अय्यो देवा, बोला की हो,” मी पुटपुटले. मालकानं मान हलवली.

तेवढ्यात शेजारी अक्का उठून उभी राहिली. “नाळे बा!” ती ओरडली.

सगळा तंबू दचकला. मग मागून एका म्हातारीनं साथ दिली, मग दहा जणींनी, आणि पुरुषांच्या बाजूनंही आवाज उठला, “नाळे बा! नाळे बा!” भावोजींनी आमच्या दिशेनं पाहिलं. अंधारात दिसलं काहीच नसेल, पण आवाज ओळखीचा होता.

“नोडी!” ते ओरडले. “वाचलं त्यानं!” पडद्यावर दार तर उघडत होतं. “आत चाललीय ती नुसती सावली. तो स्वतः माघारी गेला!” मुलगी बिछान्यावर निपचित पडली होती. भावोजींचा आवाज एकदम खाली आला. “झोपलीय. झोपू द्या तिला. ताप उतरलाय.”

चित्रात कुणालाच ताप नव्हता. अक्का मटकन खाली बसली आणि तोंडात पदर धरून रडली. मीही रडले.

ते चित्र पुढं कित्येक वर्षं परत परत येत राहिलं. फीत घासून घासून भूत पुसट झालं, तरी तंबू भरायचाच. लोक म्हणे घाबरायला येतात. मला विचाराल तर ते भुताला परत पाठवायला यायचे. पुढं पडद्यावरची माणसं स्वतःच बोलायला लागली आणि भावोजी घरी बसले. घराच्या दारावर दर अमावास्येला ते स्वतःच्या हातानं ती दोन शब्दांची विनवणी गिरवत.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकदा अक्काला हाक मारली. “अगं, पूस ते आता. किती दिवस हेलपाटे घालायला लावायचे त्याला?”

अक्कानं फडका ओला केला, दारापर्यंत गेली, खाली वाकून उंबरा पुसला आणि परत आली. “पुसलं,” ती म्हणाली.

बिछान्यावरून दार दिसत नव्हतं. भावोजींनी डोळे मिटले. “नोडी,” ते हळूच मला म्हणाले, “बाईसाहेब खोटं बोलताहेत.” मग त्यांनी अक्काचा ओला हात हातात घेतला आणि पुढचं काही सांगितलं नाही.