उगवतीला लावलेला समुद्र

घर सजवायचं म्हणजे काय करायचं असतं हो? पडदे, कुशन, दिवाणखान्यात एखादं शिडाचं जहाज? सजवा की, मी कुठे नको म्हणतोय. पण मी जिची गोष्ट सांगतोय तिने घर सजवलं ते नवऱ्याने दोन घास खावेत म्हणून.

तिला सगळे जाळेवाली म्हणायचे. माहेर शेतातलं, सासर समुद्रावरचं. लग्न होऊन आली तेव्हा जाळ्याची गाठ मारता येत नव्हती, सासूने हिणवलं, "हिला पेंढ्या बांधायला पाठवा." या बाईने वर्षभरात अशी गाठ शिकून घेतली की सासू स्वतःचं फाटलेलं जाळं हिच्या पुढ्यात गुपचूप टाकून जायची. घर मधोमध होतं. पुढच्या दारातून समुद्र, मागच्या दारातून नवऱ्याचं भाताचं खाचर. सूर्य खाचरातून उगवायचा आणि पाण्यात बुडायचा. नवरा होडी घेऊन जायचा, ही जाळी विणायची.

मग बंदर वाढवायचं ठरलं. माझ्या पुढारपणाखाली आम्ही मोर्चे काढले, डोकी फोडून घेतली, हरलो. हरलो म्हणायला मला लाज नाही. ज्यांनी जिंकलं त्यांना वाटायला हवी. गावाला बदल्यात काय मिळालं, तर समुद्रापासून लांब माळरानावर इमारती. एकेका घराला एकेक खोली. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप.

जाळेवालीचा नवरा, आता म्हातारा झालेला, तिथे आला आणि मिटला. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर म्हणाला, वय झालंय, विसर पडतोय. जाळेवाली मला म्हणाली, "विसर कसला? बघायलाच काही नाही, तर आठवणार काय? पुढारी, भाषणं पुरे झाली. खिळे आणा."

आणले. पोतंभर वाळूही आणली, जुन्या किनाऱ्यावरून, बंदरवाल्यांच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालून. तिने चुन्यात वाळू कालवली आणि खिडकीची अख्खी भिंत हाताने सारवली, ओहोटीनंतर वाळूवर वळ्या उठतात तशा बोटांनी वळ्या ओढत. वरच्या बाजूला निळीचे हात दिले. जाळ्याचा तुकडा ताणून बसवला, खिडकीच्या चौकटीला शिंपल्यांची किनार लावली. समोरच्या भिंतीला, दाराच्या आजूबाजूला, पिवळी माती फासून भाताच्या लोंब्यांच्या जुड्या टांगल्या. एकीकडे सासर, एकीकडे माहेर.

इमारतीचा सेक्रेटरी धावत आला. "मावशी, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, नियम आहे."

"मग समुद्र काय डिंकाने चिकटवू?"

"अहो, पण हे काय, संग्रहालय काढलंय का?"

"हो. तिकीट काढ आणि आत ये."

तो हसत गेला. शेजारणी मात्र यायच्या, भिंतीवर हात फिरवायच्या आणि पदराने डोळे पुसत परत जायच्या.

म्हातारा दुसऱ्या दिवशी उठून बसला. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं शिरलं, शिंपले चमकले. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भरती लागलीय." त्या दिवशी त्याने भाकरी मागून घेतली. जाळेवाली मला जिन्यात गाठून म्हणाली, "जेवले हो!" आणि पायरीवर बसून रडली.

इथेच थांबता आलं असतं तर किती बरं होतं.

खोलीच्या मावळतीच्या भिंतीला दार, ओटा, विजेचं मीटर. तिथे समुद्र मावेना. मोकळी भिंत होती ती उगवतीची, आणि उजेडही तिथेच. म्हणून तिने समुद्र उगवतीला लावला. दिशा उलटी झाली हे तिच्याच काय, माझ्याही डोक्यात आलं नाही. म्हातारा मात्र रोज पहाटे उठून बघत होता: पाण्यावर सूर्य उगवतोय. ज्याच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसट होत चाललं होतं, त्याच्या डोक्यात हे पक्कं बसलं.

एका सकाळी ती खाली पाणी भरायला गेली. परत आली तर दार सताड उघडं.

फाटकावरच्या चहावाल्याने त्याला बघितलं होतं. "आजोबा, कुठे निघालात?" "होडी बघून येतो." "अहो, समुद्र मागे राहिला, तिकडे!" म्हातारा हसला म्हणे. "मला शिकवतोस? सूर्य निघतो तिथे आहे. रोज बघतो मी." आणि सूर्याकडे तोंड करून चालायला लागला. त्या बाजूला माळ आहे, खाणी आहेत, पुढे मोठा रस्ता. पाण्याचा थेंब नाही.

आम्ही खाणी पालथ्या घातल्या. पोलीस म्हणाले, "म्हातारी माणसं जातात तशी येतात." मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही.

जाळेवाली भिंतीसमोर बसून आहे. मी म्हणालो, "तुझी चूक नाही गं. ज्यांनी तुम्हाला इथे आणून टाकलं..."

"भाषण नको," ती म्हणाली. "समुद्र मी लावला. मीच चुकीच्या बाजूला लावला."

"खरवडून टाकू का?"

"हात लावू नका! आले आणि समुद्रच नसला तर परत फिरतील." मग म्हणाली, "त्यांना कुणी अडवलं तर ऐकायचे नाहीत. समुद्र खवळलाय म्हटलं तरच थांबायचे."

म्हणून तुम्हाला सांगतो. उगवतीकडे चालणारा एक म्हातारा कुठे दिसला, होडीत उभा असल्यासारखे पाय फाकून चालणारा, स्वेटर उलटा घातलेला, तर त्याला खरी दिशा सांगू नका. चुकताय म्हणू नका. हात धरा, सावलीत बसवा, पाणी द्या आणि म्हणा, "बाबा, आज समुद्र खवळलाय, उद्या जाऊ." आणि तो उठायच्या आत आम्हाला कळवा.