हायड्रोजनच्या पाण्याची पिशवी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या बौद्ध घरात भूत-भानामतीला थारा नाही. माझाही असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता.

मी लातूरला एका फार्मसी कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडे उंदरांना हायड्रोजन वायू विरघळवलेलं पाणी पाजून बघत होते – त्यानं महाधमनीचा फुगवटा आटोक्यात राहतो का म्हणून. माझी थोरली बहीण, अक्का, लातूरजवळच्या मुरुडला असते. तिच्या पोटात नेमकी तीच धमनी फुगलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अधूनमधून सोनोग्राफी करा, फुगवटा वाढला तर ऑपरेशन. पण आमचे वडील ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. दवाखाना म्हटलं की अक्का थरथरायची. तिला धीर द्यायला मी बोलून गेलो, "अक्का, ह्या पाण्यानं उंदरं बरी होऊन राहिलीत."

खरं तर काहीच ठरलेलं नव्हतं. माणसांचं तर नावच नाही.

तिनं ते धरून ठेवलं. मी कॉलेजात न विचारता चंदेरी पिशव्यांत पाणी भरून नेऊ लागलो. अक्का ते तांब्यात ओतायची, बुद्धमूर्तीपुढं ठेवायची, वंदना झाली की प्यायची. तोवर वायू केव्हाच उडून गेलेला. मला दिसत होतं, तरी पुढच्या खेपेला नवी पिशवी नेतच होतो. सोनोग्राफीचं काढलं की म्हणायची, "तुझी उंदरं जातेत का मशिनीत?"

त्या दुपारी गेलो तर ती भाजी निवडत बसलेली.

"ये रे उंदरांच्या डॉक्टरा! लई वाळलास. बायको जेवू घालून नाही राहिली का?"

मी हसत नवी पिशवी काढली – आणि ती माझ्या तळहातावर नाडीसारखी उडू लागली. धप... धप... धप...

फरशीवर ठेवली, हात काढला. तरी चालूच. स्वतःची नाडी बघितली, जुळेना. मग अक्काचं मनगट धरलं. ठोक्याला ठोका.

"सोड, चहा टाकते," म्हणत ती उठून आत गेली. पिशवीचे ठोके वाढले. गॅसपाशी ती कंबर धरून थांबली.

"दुखतंय का अक्का?"

"हाव. लई दिवस झालं. पाणी पिते की!"

"चल लातूरला."

"येडा झालास? भाजी कोण करंल?"

मी तिचा हात सोडला नाही. शिव्या घालतच लातूरच्या जीपमध्ये बसली.

सोनोग्राफीच्या मॅडमनी स्क्रीन बघून लगेच सर्जनना फोन लावला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "फुगवटा कधीही फुटला असता. आता धोका टळला." मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. इतकं हलकं मला वडील गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

नंतर मुरुडला जाऊन बघितलं तर पिशवी फरशीवर निपचित. लॅबमध्ये तपासली – पाणीच. वायूच्या दाबानं पिशवी फुगेल, ठोके कसे देईल? रस्त्यावरून ट्रक गेला म्हणावं, तर अक्का उठल्यावर ठोके वाढले कसे?

अक्का ठणठणीत आहे. गल्लीभर सांगते, "भावाच्या पाण्यानं वाचले." परवा शेजारीण नवऱ्यासाठी तेच पाणी मागायला आली, तिला मी हात जोडून दवाखान्यात धाडलं.

पण अक्का, तू ऑपरेशननं वाचलीस, आणि त्या पाण्याच्या भरवशावर मीच तुला मरणाच्या दारात बसवून ठेवलं होतं – हे तिला सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.