साडूंचा कान आणि माझा पट्टा

गाडीच्या बोनेटखालचा आवाज ऐकून उतारूंचा छळ करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ. स्वतःची गाडीसुद्धा नाही. पण इंजिनावरचा पट्टा जरा किंचाळला की यांच्या अंगात येतं. गाडी कुणाचीही असो. एकदा क्रांती चौकाच्या सिग्नलवर ते माझ्या गाडीतून उतरले आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून म्हणाले, "एसी बंद करा बरं जरा." मागे हॉर्नचा कल्लोळ! तो बिचारा हात जोडत म्हणाला, "चचा, जाने दो ना!" हे परत येऊन बसले ते माझ्यावरच चिडून. "लोकायला गाडीची कदरच नाय, भाऊ."

त्यांची तपासणी म्हणजे शिक्षाच. आधी सगळ्यांनी गप्प बसायचं. मग मी एसी लावायचा, दिवे लावायचे, स्टिअरिंग पूर्ण वळवायचं. शेवटी ते फिरत्या पट्ट्यावर पाणी शिंपडणार. आवाज वाढला तर पट्टा सैल, क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पिशोरला निघालो होतो. तिकडून गुरुजींचे फोनवर फोन, आणि हे भर उन्हात रस्त्याकडेला बोनेटमध्ये डोकं घालून उभे. आमच्या प्यायच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्यांनी पट्ट्याला पाजल्या. बायको रडकुंडीला येऊन म्हणाली, "भाऊजी, पोरीचं लग्न मोडंल!" तर म्हणतात, "लग्न दुसरं जुळंल. पट्टा तुटला तर इथंच मुक्काम." असं बोलतं का कुणी? नंतर गॅरेजमध्ये पट्टा खरंच सैल निघाला, याचा तर मला जास्तच राग आला.

परवा त्यांना घेऊन पैठणला निघालो. घरापासूनच पट्टा असा किंचाळत होता की गल्लीतली माणसं वळून बघत होती. आता हे गाडी थांबवणार म्हणून मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून बसलो होतो. पण साडू आपले खिडकीबाहेर बघत कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. बिडकीनजवळ चहाला गाडी उभी केली, इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं, तरी पट्ट्याचं नाव नाही. शेवटी मीच विचारलं, "दादा, काही ऐकू येतं का?" त्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ ऐकलं. "नाय. गाडी लई शहाणी झाली तुमची."

तेवढ्यात चहावालीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वरडतोय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

माझं बोलणं त्यांना नीट कळत होतं. वयानं नेमका तो बारीक, कर्कश आवाजच काढून नेला होता. मला असा संताप आला की विचारू नका. इतकी वर्षं आम्हाला छळलं, आणि आता कानानं यांनाच दगा द्यावा? कुणावर ओरडायचं तेही कळेना. मी उतरून बोनेट उघडलं आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"टाका पाणी," मी म्हणालो. "आवाजाचं मी सांगतो."

त्यांनी पाणी शिंपडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.