तळघरातली पीजे

तोताराम नाना आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोट्या रुळांची गाडी, जिला सगळा मुलूख लाडाने पीजे म्हणायचा, तिचे ते गार्ड. हातात हिरवी-लाल झेंडी, तोंडात शिट्टी आणि डोक्यात नियम. नियमांचा सोस इतका, की घरी पंगत बसली तरी शेवटच्या पानावर मीठ वाढलेलं दिसल्याशिवाय हा माणूस पहिला घास उचलायचा नाही. त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, एकदा चारचौघींत सांगून टाकलं होतं, "मी माणूससंगे नही, टाइमटेबलसंगे लगीन करं." नानांना यात चेष्टा आहे हे कळलंच नाही. त्यांना ते प्रशस्तिपत्र वाटलं.

नाना निवृत्त झाले, पुढे पीजेही बंद पडली. मोठे रूळ टाकायचे म्हणून छोटे उखडले गेले. मुलगा जितेंद्र जळगावला ठिबकच्या नळ्या विकायचा. त्याने तिथे घर बांधलं आणि आईवडिलांना पाचोऱ्याहून घेऊन आला. घराखाली तळघर काढलं होतं ते नळ्यांच्या गुंडाळ्या ठेवायला. नाना पहिल्याच आठवड्यात जिना उतरून खाली गेले, चारी भिंती पावलांनी मोजल्या आणि वर येऊन म्हणाले, "जितेंद्र, पीजे बसते इथे."

जितेंद्रला वाटलं, वडील गंमत करताहेत. वडिलांनी जन्मात गंमत केलेली नव्हती हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पुढच्या महिन्यात सुतार आला, भिंतींच्या कडेने कमरेइतक्या उंचीची फळी फिरली, मुंबईहून रूळ, एक डिझेल इंजिन आणि चार डबे आले, आणि नळ्यांच्या गुंडाळ्या मुकाट्याने गच्चीवर गेल्या.

दोन वर्षं नाना त्या तळघरात रमले. दाराजवळ पाचोरा, समोरच्या कोपऱ्यात जामनेर, मधे वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. फाटकं, पाण्याच्या टाक्या, सिग्नलचे हात. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या हिरव्या रंगात बुडवून निंब आणि बाभळी केल्या. कपाशीच्या शेतात खऱ्या कापसाचे कण चिकटवले. सून मोनाली शाळेत चित्रकला शिकवायची. तिने भिंतीवर अजिंठ्याचे डोंगर काढले. डोंगर फार हिरवे झाले म्हणून नानांनी ते पुसायला लावले, कारण आपल्याकडे वर्षातले आठ महिने डोंगर तांबूसच असतात. मोनालीने तोंड फुगवलं, पण डोंगर तांबूस केले. वरखेडी स्टेशनच्या नळाला तोटी नव्हती, म्हणून नानांच्या नळालाही नव्हती. मालगाडीच्या धक्क्याने वाकलेला एक खांब त्यांनी आठवणीने वाकडाच उभा केला.

सुरुवातीलाच, फळ्या ठोकल्या जात असताना, धुरपदाबाई चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "त्यामा मनं माहेर शे का?"

नानांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तठे स्टेशन नही शे."

आणि तिथे स्टेशन नव्हतं, हे खरंच होतं. धुरपदाबाईंचा माहेरचा मळा होता वरखेडी आणि पिंपळगावच्या मधे, पुलाच्या पलीकडे, रुळांना लागून. स्टेशन दोन्हीकडे लांब. त्या दिवशी धुरपदाबाईंनी चहाचा कप पहिल्या पायरीवर ठेवला आणि त्या परत गेल्या. नंतर कुणी "अक्का, खाली चला, बघा तरी" म्हटलं की त्या म्हणत, "मना गुडघा दुखतस." नानांना वाटलं, गुडघेच दुखत असतील.

तळघर पूर्ण झालं. कॉलनीत बोभाटा झाला. शेजारचे बन्सीलाल शेठ पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. लोक वाकून वाकून पाहायचे, वाहवा करायचे आणि मग साहजिकच म्हणायचे, "नाना, चालवा की."

"नाही चालवत," नाना म्हणायचे.

"का? बिघडलीय?"

"गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हर नाही."

यावर लोक हसायचे. नाना हसायचे नाहीत. गार्डने झेंडी दाखवायची, शिट्टी द्यायची. गाडी चालवायची ड्रायव्हरने. सबंध नोकरीत त्यांनी इंजिनच्या हँडलला बोट लावलं नव्हतं, ते आता म्हातारपणी नियम मोडतील? जितेंद्र म्हणाला, "नाना, साधं बटण आहे. फिरवलं की झालं." नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा नळ्या मोजायला गच्चीवर निघून गेला. बन्सीलाल शेठ रोज सकाळी फाटकातून ओरडायचे, "काय नाना, आज सुटते का?" नाना आतून म्हणायचे, "ड्रायव्हर नाही!" यात कित्येक महिने गेले.

ड्रायव्हर कोण, ते नानांच्या मनात पक्कं होतं. इसाकभाऊ. दोघांची जोडी पीजेवर इतकी वर्षं होती की लोक त्यांना सख्खे भाऊ समजत. एक इंजिनात, एक शेवटच्या डब्यात. मधे सगळी गाडी, म्हणून बोलणं व्हायचं ते शिट्ट्यांनी. पण इसाकभाऊंचे डोळे काचबिंदूने गेले होते. पाचोऱ्याच्या घरात ते खाटेवर बसून असत. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत, नमाजही घरातच. सून निलोफर म्हणायची, "अब्बा दाराची कडीसुद्धा स्वतः काढत नाहीत आता."

नाना त्यांना बोलवायला गेले होते. इसाकभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोताराम, डोया गयात मना. आंधयाले खेळनं दखाडस का?" खेळणं हा शब्द नानांना लागला. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की बोलताना इसाकभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. नाना परत आले, तळघरात गेले आणि इंजिनवरची धूळ पुसत बसले. हा माणूस आला नाही तर ही गाडी कधीच सुटणार नाही आणि इसाकभाऊ त्या खाटेवरून कधीच उठणार नाहीत, हे त्यांना त्या दिवशी स्पष्ट कळलं. त्यांना रडू आलं. नियमात बसत नसल्यामुळे ते थोडंच रडले.

मग आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या साऱ्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या सकाळी धुरपदाबाईंनी खापरावर मांडे केले. दरवर्षीप्रमाणे एक डबा इसाकभाऊंसाठी भरला आणि नानांच्या हातात दिला. धुरपदाबाई स्वतः कुठे जाणार नव्हत्या. भाऊ सुरतेला जाऊन राहिले होते, मळा विकला गेला होता.

नाना पाचोऱ्याला उतरले. इसाकभाऊंच्या गल्लीत शिरताना समोरून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि नानांना एकदम भिकन आठवला. भिकन हा कॉलमन. गाडीवर कोणाची ड्यूटी लागली, ते सांगायला रेल्वेचा माणूस घरोघर जायचा, त्याला कॉलमन म्हणत. भिकनची हाक आली की ड्रायव्हर हातातला घास ताटात टाकून उठायचा. कॉलला नाही म्हणायची सोयच नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, भांडण असो.

नाना दारात उभे राहिले. आजवर कोणाची नक्कल केली नव्हती, पण भर दुपारी, भर गल्लीत, छाती भरून ओरडले, "डायवर इसाऽऽक! पीजे पॅसेंजर! चाला, गाडी तयार शे!"

शेजारच्या बायका दारात आल्या. निलोफर पदर सावरत धावत बाहेर आली. आत खाट करकरली.

"कितला वाजता सुटस?" आतून आवाज आला. जुन्या सवयीने आला, विचार करून नाही.

"डायवर उना की सुटस!" ड्रायव्हर आला की सुटणार, नानांनी सांगून टाकलं.

खाट पुन्हा करकरली. नानांना वाटलं, परत आडवे झाले, फसलं. मग इसाकभाऊ भिंत चाचपत दारापर्यंत आले. चेहऱ्यावर राग आणायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण मिशी थरथरत होती. "भिकन मरी गया," ते म्हणाले, "तरी मना पिच्छा सोडत नही." आणि मागे वळून सुनेला म्हणाले, "निलोफर, मेरी पेटी ला."

ती लोखंडी पेटी, जिच्यात ड्रायव्हर आपला डबा आणि बॅटरी ठेवतात, निलोफरने माळ्यावरून काढली. पेटीत आता काहीच नव्हतं, म्हणून नानांनी मांड्यांचा डबा तिच्यात ठेवला. इसाकभाऊ उंबरा ओलांडताना क्षणभर थांबले. नानांनी हात धरला नाही, फक्त खांदा पुढे केला. इसाकभाऊंनी तो धरला.

जळगावला घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बन्सीलाल शेठ फाटकातच होते. "ड्रायव्हर आला!" नाना त्यांना ओरडून म्हणाले, आणि पाहता पाहता निम्मी कॉलनी तळघरात उतरली. मोनालीने दारात लाडू वाटले. जितेंद्रने स्टूल आणलं. फक्त धुरपदाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर, उंबऱ्याशी बसून राहिल्या.

इसाकभाऊ लगेच स्टुलावर बसले नाहीत. त्यांनी आधी हात फळीवर ठेवला आणि सगळी लाइन बोटांनी चालून पाहिली. तोटी नसलेला नळ लागला तेव्हा खुदकन हसले. वाकडा खांब हाताला लागला तेव्हा म्हणाले, "आजून सरळ नही कया का हाऊ?" पुलावर त्यांचा हात थांबला. त्यांनी टिचकी मारली. पूल वाजला.

"कसाना बनाडा?"

"तेलना डबाना पत्रा."

"आवाज बराबर शे," इसाकभाऊ म्हणाले. त्यांचा हात पुलाच्या पलीकडे गेला, तिथल्या मोकळ्या जमिनीवरून दोनदा फिरला, काहीतरी शोधल्यासारखा. मग ते स्टुलावर येऊन बसले. बटण मुठीत धरलं.

"गार्ड," ते म्हणाले, "झेंडी दखात नही माले. शिट्टी दे."

नानांनी शिट्टी फुंकली. पीजे सुटली.

टाळ्या पडल्या, पण नानांना त्या ऐकू आल्या नाहीत. ते गाडीच्या शेवटच्या डब्याबरोबर फळीच्या कडेकडेने चालत होते, पूर्वी जिथे उभे असायचे तिथेच. वरखेडी आली, गाडी थांबली. शिट्टी. गाडी सुटली. इसाकभाऊ डोळे मिटून, कान देऊन चालवत होते. गाडी पुलावर चढली, पत्रा घुमला. गाडी पुलावरून उतरली आणि थांबली. मोकळ्यात. ना स्टेशन, ना फाटक.

"घसरली वाटतं," बन्सीलाल शेठ म्हणाले.

नानांच्या तोंडून मात्र वर्षानुवर्षांचा शब्द आपोआप बाहेर पडला, "इसाकभाऊ, आठे स्टेशन नही शे!"

आणि बोलल्याबरोबर त्यांना सगळं आठवलं. दर आखाजीला इसाकभाऊ इथेच गाडी थांबवायचे. वैशाखाचं ऊन, स्टेशनपासून लांब मळा, आणि गाडीत धुरपदाबाई, कडेवर जितेंद्र. पुलाजवळ जांभळाचं झाड होतं. त्याच्या सावलीत त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन उभा असायचा. दरवर्षी गाडी थांबायची, दरवर्षी नाना मागच्या डब्यातून हिरवी झेंडी नाचवत ओरडायचे, की आठे स्टेशन नही शे! दुसऱ्या कोणाच्या बायकोसाठी थांबली असती तर त्यांनी कदाचित डोळेझाक केली असती. गार्डच्याच बायकोसाठी गाडी थांबली, असं लोक म्हणतील, ही भीती. आणि इसाकभाऊ इंजिनातून डोकं काढून, सगळी गाडी ऐकेल असं ओरडायचे, "आखाजी शे, गार्डसाहेब!"

आज इसाकभाऊ काही ओरडले नाहीत. जिन्याच्या दिशेने मान वळवून एवढंच म्हणाले, "अक्का, तुमनं माहेर उनं."

धुरपदाबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरत एकेक पायरी खाली आल्या. लोकांनी वाट दिली. पुलाजवळ येऊन त्यांनी ती मोकळी जागा पाहिली. दोन वर्षं सगळी झाडं लावणाऱ्या माणसाने तिथे एक काडीही लावली नव्हती.

"आठे जांभूळ व्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

नाना फळीच्या कडेने मागे दाराजवळ गेले. त्यांनी पाचोरा स्टेशनसमोरचा सगळ्यात मोठा निंब, ज्यावर त्यांनी आठ दिवस घालवले होते, मुळापासून उपटला आणि पुलाच्या पलीकडे रोवला. झाड जरा तिरपंच बसलं. धुरपदाबाईंनी ते सरळ केलं. मग जितेंद्रने सरकवलेल्या खुर्चीवर त्या झाडाशेजारी बसल्या आणि थांबलेल्या गाडीकडे पाहत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला, आणि हसल्याही.

इसाकभाऊ बटणावर हात ठेवून वाट पाहत होते. "गार्ड," ते म्हणाले, "शिट्टी दे ना. लेट व्हई राहिनी गाडी."

नानांनी शिट्टी खिशात टाकली.

"थांबू दे," ते म्हणाले. "आज आखाजी शे."