वीस वर्षांच्या बातम्या आणि एक प्रकरण

नेवाशातून बातम्या पाठवायला लागून वीस वर्षं झाली, तेव्हा मी नगरला पत्रकारितेच्या पीएच.डी.ला प्रवेश घेतला. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी ग्रामीण बातमीदारी हा विषय घेतला होता. यातलं मला कोण काय शिकवणार, असंच मनात होतं.

पहिल्याच भेटीत मॅडम म्हणाल्या, "घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर तुम्ही लिहिलेलं सगळं काढा. कोणत्या बातमीत कोण बोललंय, त्याची यादी करा."

आठवडाभर मी पेटीतली कात्रणं वाचत बसलो. व्यापारी बोलले होते, दलाल बोलले होते, पुढारी तर भरभरून बोलले होते. बाई एकही नव्हती. शेळ्या घेऊन आलेल्या बायका दर बाजारी माझ्यासमोर उभ्या असायच्या, तरीही.

मॅडमना हे सांगताना माझी मान खाली होती. त्यांनी विचारलं, "प्रबंधात लिहाल हे? तुमच्या स्वतःच्या बातम्यांबद्दल?"

मान वर करून मी हो म्हणालो.

पुढच्या बाजाराला मी एका म्हाताऱ्या शेळीवालीपाशी जाऊन बसलो. वही उघडली तशी ती हसली. "लई वर्सं बघते तुला. आमाला कदी इचारलं न्हाई ते?"

"चुकलं, मावशी. आज विचारतोय."

मग ती दुपारपर्यंत बोलली. "शेळी माजी, भाव मी सांगते. तरी गिऱ्हाईक इचारतं, मालक कुठंय?"

त्या आठवड्याची माझी बातमी याच वाक्यानं सुरू झाली आणि प्रबंधातलं एक प्रकरणही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले प्राध्यापक ते प्रकरण उघडूनच बसले होते. "स्वतःच्याच चुका का मांडल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर, दुसऱ्याच्या चुका छापण्यातच वीस वर्षं गेली. माझ्या तपासायला अभ्यासानं शिकवलं."

ते मॅडमकडे वळून म्हणाले, "हे प्रकरण आमच्या वर्गात वाचायला देणार आहे मी." मॅडमचा चेहरा उजळला. माझा ऊर भरून आला. पहिल्यांदा नावानिशी बातमी छापून आली होती, तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तालुक्यातल्या एका जुन्या बातमीदार मित्राचा फोन आला; ते प्रकरण मी त्याला वाचायला दिलं होतं. मागं जनावरांचा गलका होता. "बाजारात हाय मी. एक बाई बोलायला तयार झाल्यात. काय काय विचारू, सांग पटकन!"