बांधावर बसणारा जीन

यीस्टची लॅब म्हटली की नळ्या, बाटल्या आणि किस्से साठतातच. नळ्या-बाटल्या निदान धुता तरी येतात. आमच्या बारामतीच्या लॅबमधले किस्से मी इतके दिवस झाकून ठेवले होते, पण आता रुबिनाचं सगळं नीट पार पडलंय. आता हसायला हरकत नाही.

रुबिना इंदापूरची, आमच्या सरांकडे पीएचडी करते. डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल करणारं यीस्ट तिनं तीन वर्षं मळीच्या पाण्यात वाढवलं. दर आठवड्याला त्यातलं चिमूटभर ताज्या पाण्यात टाकायचं, इन्क्युबेटरच्या उबेत वाढवायचं आणि एक ट्यूब फ्रीझरमध्ये जपून ठेवायची. एवढ्या पिढ्यांत ते कसं बदलतं, हे तिला बघायचं होतं. मी त्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझं मुख्य काम सगळ्यांवर ओरडणं.

* * *

सर, रुबिना, मी आणि चौथे आमचे तात्या. जळोचीहून सायकलवर येणारे लॅब अटेंडंट, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली.

एकदा सर उड्या मारणाऱ्या जीनबद्दल शिकवत होते. हे जीन स्वतःची नक्कल काढतात आणि ती क्रोमोसोमवर भलतीकडेच जाऊन चिकटते. यीस्टमधले तर भारी चलाख. कामाच्या जीनमध्ये सहसा शिरत नाहीत, शेजारच्या मोकळ्या जागेत बसतात.

तात्या फळा पुसायला थांबले होते. म्हणाले, "शहाणा हाय की. बांधावर बसतोय, पिकात न्हाय."

दहा वर्षं वापरलेली स्लाइड सरांनी त्या दिवशी बदलली.

* * *

खंडेनवमीला तात्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतात. मायक्रोस्कोपला छोटी, सेंट्रिफ्यूजला मोठी. गेल्या खंडेनवमीला मी येऊन बघते तर रुबिनाच्या ट्यूब ठेवलेल्या फ्रीझरला हार घातलेला, आणि प्लग काढलेला!

"तात्या, हे काय?"

"पूजेला यंत्र बंद लागतंय. आमी ट्रॅक्टर काय चालू ठिवून पुजतो व्हय?"

रुबिनाच्या तोंडचं पाणी पळालं. हाताला लागेल त्या डब्यात बर्फ भरून आम्ही ट्यूब कोंबल्या. नंतर तपासलं तर एकूण एक ट्यूब जिवंत होती. यीस्ट चिवट असतं, माणसांचं तसं नाही. मी दोन दिवस डोकं धरून बसले होते.

* * *

महिन्याभरानं रुबिनानं जेल लावलं. त्यात यीस्टचे सोळा क्रोमोसोम लांबीप्रमाणे एकाखाली एक पट्ट्यांसारखे दिसतात. तिच्या ताज्या ट्यूबमध्ये दोन पट्ट्या जागेवर नव्हत्या आणि भलत्याच जागी दोन नव्या आल्या होत्या.

"हे आपलं यीस्टच नाही," सर म्हणाले. "डीएनएचं एखादं अक्षर बदललं असतं तर मी मानलं असतं. इथं पानंच्या पानं इकडची तिकडं गेलीत. फ्रीझरच्या त्या गडबडीत तुझ्या हातून ट्यूब बदलल्या. पहिल्यापासून सुरुवात कर."

दोन महिन्यांवर कमिटीपुढचं प्रेझेंटेशन होतं. कमिटीनं हो म्हटलं तरच थीसिस लिहायला परवानगी, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. रुबिना धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत बसली. मला सरांचा इतका राग आला की तीन दिवस त्यांचा चहा मी बिनसाखरेचा केला. त्यांना तो आवडला.

* * *

फ्रीझरवर आता भरवसा नाही, मूळ यीस्ट आणा, असं सरांनी फर्मावलं. ते वालचंदनगरच्या बाजूला राहणाऱ्या आबांकडे होतं. आबा हे यीस्ट वापरणाऱ्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. रिटायर झाले तरी यीस्टची बाटली त्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये, लोणच्याशेजारी. आम्ही दोघी स्कूटरवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

"उद्या सकाळी घ्या," आबा म्हणाले. "आत्ता न्हाय मिळायचं."

"का हो, आबा?"

"दिवं लागल्यावर इरजण कुणी घराबाहेर देतं का?"

हे दह्याचं विरजण नाही, यीस्ट आहे, असं रुबिनानं परोपरीनं सांगितलं. "व्हय, पर हे मळीचं इरजणच की," आबा म्हणाले. आम्हाला जेवायला घातलं, मुक्कामाला ठेवून घेतलं आणि सकाळी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून हातात दिली.

* * *

आबांच्या यीस्टमध्ये सोळाही पट्ट्या जुन्याच जागी होत्या. रुबिनाच्या नव्या पट्ट्यांमधला डीएनए अक्षर-अक्षर वाचायला पुण्याला पाठवला होता, त्याचा कागद आला, तर मजकूर सगळा त्याच यीस्टचा! दोन क्रोमोसोम तुटून एकमेकांचे तुकडे जोडून बसले होते, आणि दोन्ही सांध्यांवर तोच उड्या मारणारा जीन.

"दोन रानांच्या बांधावर एकसारखी बाभळ," तात्यांनी मला समजावलं. "मोजणीवाला चुकला. ह्याचा तुकडा त्याला जोडला, त्याचा ह्याला."

नवी मांडणी मळीत जरा जोमानं वाढत होती, म्हणून हळूहळू ट्यूबभर तिचीच प्रजा झाली. सरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आपलंच आहे." बस, तेवढंच. रुबिना पॅसेजमध्ये जाऊन रडली, मग तिनं घरी फोन लावला. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी कुणावरच ओरडले नाही.

* * *

कमिटीत बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "ही अदलाबदल नेमकी कधी झाली?"

रुबिनानं आठवड्या-आठवड्याच्या ट्यूब मागे मागे तपासल्या होत्या. तिनं एका ट्यूबचा फोटो दाखवला. "दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, सर. थंडीत हे जीन जास्त उड्या मारतात."

"इन्क्युबेटरमध्ये थंडी कुठून आली?"

"ही ट्यूब इन्क्युबेटरमध्ये नव्हती. लेबलवर लिहिलंय, खिडकीत ठेवली."

"तुम्ही ठेवलीत?"

"मी त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला इंदापूरला होते."

"मग कोणी ठेवली?"

ते अक्षर रुबिनानं आणि मी ओळखलं होतं आणि पंधरा दिवस पोटात ठेवलं होतं. मी चपलांकडे बघत बसले. तात्या चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

सर उठून उभे राहिले. "मी. अक्षर माझंच आहे. इन्क्युबेटर बिघडला होता."

परीक्षक हसले. "मग शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचंच लावायला हवं."

सरांनी नाही म्हणून मान हलवली. "पहिलं तिचंच. ट्यूब मी ठेवली, बोलणी तिनं खाल्ली."